मैल्याचा कोळसा आणि द्राक्षाची बाग

खरड छाटणी झाली की निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागा ओळखू येत नाहीत. खोडे आणि ओलांडे तेवढे उरतात, आणि बागायतदाराचे लक्ष घडांवरून मातीकडे वळते. बोद उकरायचे, शेणखत टाकायचे, देठ परीक्षणाचे जुने अहवाल काढून बसायचे, असे ते दिवस. नेमक्या याच दिवसांत मामा डबा घेऊन आले. महापालिकेच्या ड्रेनेज विभागात नोकरी करून निवृत्त झालेले अभियंते. समोर त्यांची भाची, कृषी पदवीधर, वडिलांच्या पश्चात निर्यातीची बाग सांभाळणारी. डब्यात काळी, खरखरीत भुकटी होती. सांडपाण्याच्या गाळापासून केलेला कोळसा, म्हणजे बायोचार. मामांना तो शेतात हवा होता. भाचीला आधी त्याच्याबद्दल बऱ्याच गोष्टी हव्या होत्या.

तिने चिमूटभर भुकटी पाण्याच्या पेल्यात टाकली. बाभळीचा कोळसा तरंगला असता. हा बराचसा तळाशी गेला, वर थोडी काजळी राहिली.

“मामा, हा कोळसा कमी आणि राख जास्त आहे.”

तिचे म्हणणे बरोबर होते. लाकडाच्या चांगल्या बायोचारमध्ये कर्बाचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर जाते. गाळात मुळातच वाळू, माती, क्षार भरपूर, त्यामुळे त्याच्या कोळशात कर्ब बहुधा २० ते ३० टक्क्यांच्या आसपास राहतो आणि बाकीची खनिज राख. एकाच नावाने बाजारात येणाऱ्या या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लाकडाच्या बायोचारवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष दाखवून गाळाचा कोळसा विकणे म्हणजे शेतकऱ्याची दिशाभूल करणे आहे.

मामांनी ते मान्य केले, पण राखेतच त्यांना माल दिसत होता. “अगं, त्या राखेत स्फुरद आहे. माणूस जे खातो त्यातला बराचसा स्फुरद संडासातून बाहेर पडतो. डीएपीची गोणी १३५० रुपयांना मिळते ती सरकारच्या अनुदानामुळे, आणि त्यातला स्फुरद बहुतांश परदेशातून येतो. आपण तो पैसे देऊन आणतो, खातो आणि नदीत सोडतो.”

“आणि तुम्ही तो धातूंसकट माझ्या बोदात परत आणणार.”

वादाचे मूळ एवढ्यातच आले होते, पण दोघेही तिथे थांबणारे नव्हते. मामांनी आधी प्रक्रिया समजावली. गाळ वाळवायचा, मग बंद भट्टीत हवेशिवाय ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवायचा. ज्वाला नाही, प्राणवायू नाही. सेंद्रिय भाग फुटतो, वायू बाहेर पडतो, तो वायू जाळून पुढचा गाळ वाळवायला उष्णता मिळते. रोगजंतू, विषाणू, जंतांची अंडी यांतले काहीही त्या तापमानाला टिकत नाही. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंची जनुकेही नष्ट होतात. औषधांचे अंश आणि सूक्ष्म प्लास्टिक फुटून जाते.

“आज काय चाललंय ते बघ,” मामा म्हणाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते, आणि प्रत्यक्षात शुद्ध होते ते २०,२३६ दशलक्ष लिटर. एकट्या महाराष्ट्राचा वाटा ९,१०७ दशलक्ष लिटरचा. “जेवढं शुद्ध होतं त्याचाही गाळ उरतोच. तो वाळवण्याच्या वाफ्यांवर सुकतो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शेतात जातो. फुकट किंवा नाममात्र पैशांत. त्यात जंतांची अंडी महिनोन्महिने जिवंत राहतात, आणि तो गाळ पसरणारा माणूस अनवाणी असतो. तुला भट्टीतला कोळसा घातक वाटतो, आणि हे चालतं?”

हा मामांचा सगळ्यात बळकट मुद्दा होता, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. कोळशाची तुलना शुद्ध, निर्मळ शेतीशी करून भागत नाही. आज त्या जागी जे पडते आहे त्याच्याशी ती करावी लागते. सोनखताची परंपरा आपल्याकडे जुनीच. पण ते सोनखत घरांतून यायचे, त्यात कारखान्याचे पाणी नव्हते.

भाची तिथूनच उठली. “जंतू मेले, मान्य. पण धातू मरत नाहीत, मामा. रस्सा आटला म्हणून मीठ आटत नाही. उलट खारट होतो.”

भट्टीत गाळाचे वजन साधारण निम्म्यावर येते. पारा बहुतांश उडून वायूबरोबर जातो. तापमान पुरेसे चढवले तर कॅडमियमचाही बराच भाग जातो, आणि तो गाळणीत अडवावा लागतो. तांबे, जस्त, शिसे, निकेल, क्रोमियम मात्र जागचे हलत नाहीत. निम्म्या वजनात तेवढाच धातू, म्हणजे किलोमागे प्रमाण जवळपास दुप्पट.

तिने खत नियंत्रण आदेशातल्या शहरी कंपोस्टच्या मर्यादा पाठ असल्यासारख्या सांगितल्या. किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, क्रोमियम ५०, निकेल ५०, शिसे १००, तांबे ३००, जस्त १०००. “आता तुमच्या शहरातल्या गाळाचं सांगा. तांबं आणि जस्त या रेषेखाली बसेल?”

“कठीण आहे,” मामा म्हणाले. “पण तू जी मर्यादा सांगतेस ती जगातल्या कडक मर्यादांपैकी एक आहे.” अमेरिकेचा १९९३ चा नियम उत्तम दर्जाच्या गाळालासुद्धा किलोमागे ३९ मिलिग्रॅम कॅडमियम चालवून घेतो. युरोपचा १९८६ चा निर्देश २० ते ४० पर्यंत जातो. “शिवाय एकूण किती आणि पिकाला मिळणारं किती, यात फरक आहे. कोळशात धातू खनिजांच्या जाळ्यात अडकतात. पाण्यात सुटण्याचं प्रमाण कच्च्या गाळापेक्षा खूप खाली येतं. हे प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा दिसलंय.”

मग त्यांनी खिशातून पेन काढून खताच्या रिकाम्या गोणीवरच हिशेब मांडला. एकरी २ टन कोळसा. कॅडमियम किलोला ५ मिलिग्रॅम धरले तर एकरात १० ग्रॅम. वरच्या १५ सेंटिमीटर थरातली माती सुमारे ९ लाख किलो. म्हणजे मातीत वाढ किलोमागे जेमतेम ०.०११ मिलिग्रॅम. असे २० वेळा टाकले तरी वाढ ०.२२. युरोपच्या त्याच निर्देशात मातीसाठी मर्यादा १ ते ३ मिलिग्रॅम आहे.

“आणि डीएपी तरी कुठे सोवळं आहे? खडक स्फुरदातही कॅडमियम असतं. युरोपनं २०२२ पासून स्फुरदाच्या खतांना मर्यादा घातली, एक किलो स्फुरद पेंटॉक्साइडमागे ६० मिलिग्रॅम. आपल्या कोळशात दहा टक्के स्फुरद धरला, तर एका किलो स्फुरदासाठी दहा किलो कोळसा लागेल, त्यात कॅडमियम ५० मिलिग्रॅम. म्हणजे त्या रेषेच्या आतच.”

हिशेब चोख होता. भाचीने तो खोडला नाही, पुढे नेला. “आता तांब्याचा मांडा.”

किलोला ६०० मिलिग्रॅम तांबे धरले तर २ टनांत १.२ किलो. मामा हसून म्हणाले, “तुझ्या बोर्डोच्या एका फवारणीत किती जातं?” तिनेच उत्तर दिले. १ टक्का बोर्डो, एकरी ४०० लिटर, त्यात ४ किलो मोरचूद, आणि मोरचुदात चौथा हिस्सा तांबे, म्हणजे १ किलो. एका फवारणीत जवळजवळ तेवढेच.

“म्हणूनच तर नको, मामा. ही बाग कित्येक वर्षं बोर्डो पितेय. माती आधीच तांब्यानं भरलेली. त्यात भर कशाला? तुमचा हिशेब कोऱ्या मातीचा आहे. माझी माती कोरी नाही.”

एरवीच्या चर्चेत नेमके हेच सुटते. धातूची मर्यादा पोत्यावर छापता येते, पण त्या पोत्याचा परिणाम ठरतो तो आधीच मातीत साचलेल्या धातूवर, सामूवर आणि पिकावर. पालेभाज्या आणि भात कॅडमियम सहज उचलतात, द्राक्षाची वेल त्यांच्यापेक्षा कमी. एकच कोळसा एका शेतात निरुपद्रवी आणि शेजारच्या शेतात नकोसा ठरू शकतो.

भाचीच्या मनात आणखी एक गोष्ट होती, जपानची. तोयामा प्रांतातल्या जिंझू नदीत खाणीचे कॅडमियम उतरले, भातखाचरांत साचले, आणि भात खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ झाली. त्या दुखण्याला इताई-इताई म्हणतात. १९६८ मध्ये जपान सरकारने हा आजार प्रदूषणामुळे झाल्याचे मान्य केले. खाचरांतली माती बदलण्याचे काम १९७९ मध्ये सुरू झाले, ते २०१२ पर्यंत चालले. खाणीच्या पाण्याची आणि तपासलेल्या कोळशाची बरोबरी होत नाही, हे तिने स्वतःच सांगितले. “पण औषधाची फवारणी चुकली तर एक हंगाम जातो. धातू मातीत गेला तर तो बाहेर काढायला एक पिढी लागते. म्हणून इथे ‘बघू, करून तर पाहू’ चालत नाही.”

मामा काही वेळ बोदाकडे बघत राहिले. मग त्यांनी विषय बदलला, आणि बदललेल्या विषयात ते भक्कम पायावर होते.

अमेरिकेतल्या मेन राज्यात शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे सरकारी परवान्याने शेतात गाळ पसरला. जंतू तपासले, धातू तपासले, सगळे नियमात. २०१६ मध्ये अरंडेल गावातल्या एका दुग्धशाळेच्या पाण्यात आणि दुधात पीएफएएस सापडले. न चिकटणारी भांडी, पाणी न शोषणारे कापड, आग विझवणारा फेस यांत वापरली जाणारी ही रसायने. निसर्गात ती जवळजवळ विघटितच होत नाहीत. गाई गेल्या, धंदा बुडाला, पुढे आणखी शेतांत तेच निघाले. २०२२ मध्ये मेनने गाळ आणि गाळाचे कंपोस्ट शेतात टाकण्यावर बंदी घातली, असे करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य, आणि शेतकऱ्यांसाठी ६ कोटी डॉलरचा निधी उभा केला.

“कंपोस्टनं पीएफएएस जात नाही. वाळवण्यानं जात नाही. भट्टीनं जातं,” मामा म्हणाले. कॅलिफोर्नियात रेडवुड सिटीच्या केंद्रातल्या भट्टीचा गाळ आणि कोळसा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासला. गाळात सापडलेली बहुतेक पीएफएएस रसायने कोळशात सापडली नाहीत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या लोगनहोम इथे नगर परिषदेने गाळाच्या वायूकरणाचा प्रकल्प उभारला, त्यामागे हेही एक कारण होते.

“कोळशात सापडली नाहीत. मग गेली कुठे?”

“वायूत.”

“आणि वायू?”

“तो हजार अंशांच्या आसपास नीट जाळावा लागतो, पुरेसा वेळ. मग धूर धुवावा लागतो.”

“म्हणजे कोळसा चांगला की वाईट हे भट्टीवाल्याच्या शिस्तीवर. महिन्याचं वीजबिल वाचवायला त्यानं तापमान खाली आणलं, तर माझ्या हातातल्या काळ्या भुकटीत मला काय दिसणार?”

काही दिसणार नाही, हे मामांनाही ठाऊक होते. तापमान घसरले किंवा वायू वेळेत बाहेर निघाला नाही, तर टार पुन्हा कोळशावरच बसते, आणि त्यात कर्करोगाला कारण ठरणारे बहुचक्रीय कर्बसंयुगांचे अंश राहतात. हा दोष भट्टीतही तयार होऊ शकतो. चांगल्या संयंत्रात तो आवाक्यात राहतो, जुगाडू ड्रममध्ये राहत नाही. शेतावरच्या पिंपात काडीकचऱ्याचा कोळसा करणारे शेतकरी आज बरेच आहेत. गाळाचा कोळसा त्या पिंपात कधीच करू नये, हे इथे ठळकपणे सांगायला हवे.

यानंतर भाचीने सामूमापक आणला. बागायतदारांकडे तो असतोच. पेल्यातल्या काळ्या पाण्याचा सामू आठाच्या वर गेला. “माझी काळी माती आधीच चुनखडीची, सामू आठाच्या घरात. लोह मिळत नाही म्हणून पानं पिवळी पडतात आणि मी फेरस फवारते. कोळसा माती आणखी अल्कधर्मी करणार. तुमचा स्फुरदही इथे चुन्याशी बांधला जाणार. मग मला यात फायदा काय?”

हा प्रश्न सुरक्षिततेचा नव्हता, पण सुरक्षिततेइतकाच महत्त्वाचा होता. बायोचारची कीर्ती ज्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या काळ्या मातीवरून पसरली, तिथली मूळ जमीन आम्लधर्मी आणि निकस आहे. बायोचारने उत्पादन वाढल्याचे दाखले प्रामुख्याने अशाच जमिनींचे आहेत. दख्खनच्या काळ्या मातीत तोच लाभ आपोआप मिळेल असे गृहीत धरता येत नाही. आणि जिथे लाभ नाही तिथे अगदी लहान धोकासुद्धा का घ्यायचा?

मामा म्हणाले, “मग कोकणात घेऊ. जांभ्याची माती आम्ल, तिथे चुना टाकावा लागतो, स्फुरदाची तूट असते. आपल्या राजापूरच्या काजूत.”

“आम्ल मातीत धातू जास्त सुटे होतात, मामा. म्हणजे जिथे गरज आहे तिथेच सांभाळायचंही जास्त.” पण या वेळी तिचा स्वर वेगळा होता. ती नाकारत नव्हती, अटी शोधत होती.

तिथून बोलणे वाईवर आले, आणि दोघे पहिल्यांदा एका बाजूला बसल्यासारखे झाले. सातारा जिल्ह्यातल्या वाई नगर परिषदेने २०१८ पासून घरोघरच्या सेप्टिक टाक्या ठरलेल्या क्रमाने उपसायला सुरुवात केली. टाकी तुंबल्यावर बोंब मारायची नाही, गाडी पाळीप्रमाणे येते. तो मैला शहराच्या प्रक्रिया केंद्रात जातो, आणि ते केंद्र याच तत्त्वावर चालते. मैला वाळवून उष्णतेने त्याचा कोळसा करायचा. सिन्नरच्या केंद्राचा मार्ग वेगळा, तिथे वाळवण्याच्या वाफ्यांवर भर आहे.

वाईच्या पद्धतीत मामांना तंत्र दिसत होते. भाचीला गाडी दिसत होती. “टाकीतून उपसलेला मैला घरातला आहे. कुठल्या गल्लीतून कुठल्या दिवशी आला, हे गाडीवाल्याच्या वहीत आहे. मोठ्या शहरातल्या गटारात काय येतं हे कोणाच्याच वहीत नाही. नाशिकच्या अंबड-सातपूरला निकेल-क्रोम प्लेटिंगची कामं चालतात. अशा वस्तीत एकानं जरी रात्री टाकी गटारात रिकामी केली, तर महिनाभराचा गाळ वाया.”

इथे भाचीचे म्हणणे मान्य करावे लागते, आणि या लेखाचेही तेच म्हणणे आहे. गाळाच्या कोळशाची सुरक्षितता भट्टीच्या दारात ठरत नाही. ती गटाराच्या तोंडाशी ठरते. भट्टी जंतू, औषधे, प्लास्टिक यांचा प्रश्न मोठ्या प्रमाणात सोडवू शकते. धातूंचा प्रश्न ती सोडवू शकत नाही, कारण तो तिथे निर्माणच होत नाही. कारखान्याचे पाणी वेगळे ठेवणे, प्लेटिंगवाल्यांकडून प्रक्रिया करून घेणे, गटारातले नमुने अचानक तपासणे ही कामे कंटाळवाणी आहेत, त्यांचे उद्घाटन करता येत नाही, पण त्यांच्याशिवाय मोठ्या शहराचा कोळसा अन्नाच्या शेतात नेणे योग्य नाही. लहान गावांचा घरगुती मैला हा त्याहून वेगळा माल आहे, आणि त्याला नियमही वेगळे हवेत.

जगही या बाबतीत एका वाटेने चाललेले नाही. स्वित्झर्लंडने २००६ पासून शेतीत गाळ पूर्ण बंद केला आणि स्फुरद वेगळा काढण्याचा मार्ग धरला. जर्मनीने २०१७ च्या नियमाने मोठ्या केंद्रांना २०२९ पासून गाळातला स्फुरद परत मिळवणे सक्तीचे केले. युरोपीय संघाने २०२१ मध्ये भट्टीतल्या कोळशाला खतांच्या सामायिक नियमात जागा दिली, पण सांडपाण्याचा गाळ कच्चा माल म्हणून वगळला.

“बघा, युरोप घेत नाही,” भाची म्हणाली, आणि तिला हे म्हणायला तसेच कारण होते. २०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांत सीसीसी या वाढरोधकाचे अंश युरोपात सापडले, माल अडकला, आणि ज्यांनी नियम पाळले होते तेही त्यात होरपळले. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात अंश तपासणीला आता जे महत्त्व आहे, त्यामागे असे अनुभव आहेत. “उद्या कंटेनर अडला, तर मी कोणाकडे बोट दाखवू? कोळसा फुकट देणारा नामानिराळा राहील. बाग माझी, नाव माझं, कर्ज माझं.”

मामांकडे याला तांत्रिक उत्तर नव्हते. त्यांनी ते शोधण्याचा खोटा आवही आणला नाही. “केंद्रानं प्रत्येक घाण्याचा अहवाल द्यायचा. धातू, बहुचक्रीय संयुगं, भट्टीचं तापमान. गोणीवर घाण्याचा क्रमांक. आणि नुकसानभरपाईचं कलम करारात.”

“आणि तपासणीचा खर्च देणाऱ्यानं करायचा, घेणाऱ्यानं नाही.”

“ठीक.”

“बागेत नाही. पालेभाजीत नाही. भातात नाही.”

“राजापूरच्या काजूत?”

तिने विचार केला. काजूच्या चार ओळी. दोन ओळींना कोळसा, ओला करून, कारण कोरडी भुकटी श्वासात जाते. दोन ओळींना काही नाही. तीन पावसाळे बघायचे, माती आणि काजूगर दोन्ही तपासायचे. आणि पहिली गोणी फोडण्याआधी त्या जमिनीचा नमुना घेऊन त्यातला निम्मा मोहोरबंद ठेवायचा. उद्या वाद झाला तर आधी माती कशी होती, हे दाखवायला दुसरे काही नसते.

“पाऊस लागायच्या आत नमुना घ्यायला हवा मग,” मामा म्हणाले. “गावाकडे घमेलं आणि कुदळ आहेच.”

“घमेलं जस्ताच्या पत्र्याचं आहे ना? त्यात नमुना मिसळला तर अहवालात जस्त आपलंच येईल. प्लास्टिकचा टब घ्या, आणि गंज नसलेली स्टीलची खुरपी.”

मामांनी हे गोणीवरच्या हिशेबाखाली लिहून घेतले.